मोराची मान: सोलापुरी चादरीचा ग्राफ लेगोच्या ठोकळ्यांत उतरवताना

हे प्रकरण भिंतीवरच्या एका फलकाचे आहे. फलक ५७६ मिलिमीटर रुंद आणि ६४० मिलिमीटर उंच आहे, त्यावर सोलापुरी चादरीतला मोर आहे, आणि तो सुताचा नसून लेगोच्या ठोकळ्यांचा आहे. २०२३च्या पावसाळ्यात काम सुरू झाले आणि २०२५च्या गुढीपाडव्याला फलक भिंतीवर चढला. एवढ्याशा कामाला पावणेदोन वर्षे लागली. त्यातला किती काळ खरोखर आवश्यक होता आणि किती माझ्या चुकीमुळे वाया गेला, हे ज्यांना प्रौढ वयात ठोकळ्यांचा छंद आहे त्यांच्यासाठी सविस्तर नोंदवावे, असे मला वाटले.

काम दोघांनी केले. मी गेली बारा वर्षे लेगोचे संच घेतो, जोडतो, सुटे ठोकळे जमवतो आणि अधूनमधून स्वतःच्या कल्पनेच्या इमारती रचतो. दुसरे आमचे शेजारी. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते आणि मीही अण्णाच म्हणतो. साखर पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचे आयुष्य गेले. चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढणे हा त्यांचा व्यवसाय. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर घराघराने रंगवायची, मग त्या घरांवरून जेकार्डची कार्डे पंच करायची, आणि कार्डावरच्या भोकाप्रमाणे मागावरचा धागा वर उचलला जायचा, ही पद्धत त्यांनी तरुणपणी हाताने केली आणि नंतर संगणकावरही केली. ठोकळ्यांशी त्यांचा संबंध नव्हता. माझ्या खोलीत ते पहिल्यांदा आले तेव्हा टेबलावर अर्धवट जोडलेली इमारत होती. तिच्याकडे न पाहता त्यांनी शेजारची रिकामी पायाची पाटी उचलली, तिच्यावरचे उंचवटे बोटाने मोजत एका कडेला गेले आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस. अरे, हा तर ग्राफ आहे."

त्याआधी मी भुईकोट किल्ल्याचा एक बुरूज आणि सिद्धेश्वर मंदिराचे शिखर रचायचा विचार करत होतो. दोन्ही सोडून दिले. बुरजाचा गोलावा साधण्यासाठी बिजागरीचे शेकडो पीस लागले असते, आणि शिखरावरचे नक्षीकाम माझ्या प्रमाणात बसत नव्हते. अण्णांच्या त्या एका वाक्याने विषय बदलला. भौगोलिक मानांकन मिळालेली, सोलापूरच्या नावाने ओळखली जाणारी चादर मुळातच घराघराने रचलेली असते. तिला ठोकळ्यांत आणण्यासाठी काहीही ओढूनताणून बसवावे लागणार नाही, असे आम्हा दोघांना वाटले. हा समज निम्माच खरा निघाला.

अण्णांनी आपल्या कपाटातून मोराचा एक जुना ग्राफ काढला. आडवी साठ घरे, उभी ऐंशी घरे. मी त्यातले मोराचे डोके, मान आणि छातीचा वरचा भाग पायाच्या पाटीवर उतरवला. ग्राफवरच्या एका घरासाठी पाटीवर एक ठोकळा, असा सरळ हिशेब होता. संध्याकाळी अण्णांना बोलावले. त्यांनी दारातूनच पाहिले आणि म्हणाले, "हा बगळा आहे. आमचा मोर एवढ्या लांब मानेचा नाही."

मी घरे पुन्हा मोजली. एकही घर चुकले नव्हते. चूक घराच्या आकारात होती. लेगोच्या पाटीवर दोन उंचवट्यांच्या मध्यांतले अंतर दोन्ही दिशांना ८ मिलिमीटर असते, म्हणून वरून पाहिल्यास प्रत्येक घर चौरस दिसते. चादरीच्या ग्राफचे घर मात्र चौरस असेलच असे नाही. कापडात उभे धागे आणि आडवे धागे सारख्या दाटीने बसत नाहीत, आणि ज्या प्रमाणात ते बसतात त्याच प्रमाणाचा कागद नक्षीकार निवडतो. अण्णांचा तो कागद आठ बाय दहाचा होता, म्हणजे एका मोठ्या चौरसात रुंदीला आठ घरे आणि उंचीला दहा. अशा कागदावर एक घर उंचीपेक्षा रुंदीला सव्वापट असते. ते मी चौरस घरात उतरवल्यावर मोर रुंदीच्या मानाने सव्वापट उंच झाला. सगळ्यात आधी ते मानेत दिसले, कारण मान हा मोराचा सर्वांत अरुंद आणि सर्वांत उभा भाग.

यावर सोपा उपाय असा की नक्षी नव्याने चौरस कागदावर काढायची. मी तोच सुचवला. अण्णांनी नकार दिला, आणि त्यांचे कारण मला पूर्ण पटले. ग्राफवरची पायरी, म्हणजे तिरकी रेघ एका घरातून दुसऱ्या घरात जाताना जी खाच पडते ती, प्रत्येक वळणावर विचार करून ठेवलेली असते. घरे कमी केली की त्या पायऱ्या मोडतात, पिसांचा बाक जातो, आणि मग उरतो तो कुठल्याही चित्राचा ठोकळेबाज नमुना. आम्हाला चादरीतला मोर हवा होता. तेव्हा ग्राफला हात न लावता ठोकळ्यातच सव्वापटीचे घर शोधायचे ठरले.

या शोधात आम्ही जवळजवळ तीन महिने घालवले, आणि संपूर्ण प्रकरणात मला ते सर्वांत मोलाचे वाटतात. लेगोच्या साध्या ठोकळ्याची उंची, वरचा उंचवटा सोडून, ९.६ मिलिमीटर असते. पातळ प्लेटची उंची ३.२ मिलिमीटर, म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. आता पाटीवर वरून न पाहता भिंतीसारखी रचना करून समोरून पाहिले, तर एका उंचवट्याच्या ठोकळ्याचे घर ८ मिलिमीटर रुंद आणि ९.६ मिलिमीटर उंच दिसते. आम्हाला हवे त्याच्या हे बरोबर उलट, कारण हे घर रुंदीपेक्षा उंच आहे. प्लेटचे घर ८ बाय ३.२, म्हणजे अडीचपट रुंद. त्यात मोर दबून बदकासारखा झाला असता.

उत्तर संगणकावर सापडले. ठोकळ्यांची रचना कागदावर न करता पडद्यावर करण्यासाठी आज जी साधने आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा पाया एल-ड्रॉ या पद्धतीत आहे. ती जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५मध्ये तयार केली. तिच्यातले एक एकक ०.४ मिलिमीटरचे असते, आणि त्या मापात ठोकळा २० एकके रुंद, २४ एकके उंच आणि प्लेट ८ एकके उंच अशी पूर्णांकांची मांडणी होते. अण्णांनी पडद्यावरचे २० आणि २४ हे आकडे पाहिले, थोडा वेळ गप्प राहिले, आणि टेबलावरचा माझा कच्चा नमुना उचलून त्यांनी तो नव्वद अंशांत आडवा केला. उंचवटे आता छताकडे न पाहता खिडकीकडे पाहत होते. घर २४ रुंद आणि २० उंच झाले होते, म्हणजे १.२ पट. हव्या त्या १.२५च्या जागी १.२, फरक शेकडा चार. "चादर पहिल्या धुण्यात याहून जास्त आटते," एवढेच ते बोलले.

मला या क्षणाचे महत्त्व पुढे हळूहळू कळत गेले. फलक आडवा करून रचायचा याचा अर्थ ग्राफमधली प्रत्येक उभी ओळ हा ठोकळ्यांचा एक थर होतो. साठ उभ्या ओळी, म्हणून साठ थर. प्रत्येक थर ऐंशी उंचवट्यांचा. साठ गुणिले ९.६ म्हणजे ५७६ मिलिमीटर रुंदी, ऐंशी गुणिले ८ म्हणजे ६४० मिलिमीटर उंची. मागावर जसा ताणा, तसा आमचा थर. एवढेच नव्हे, तर चादरीच्या दोन्ही कडांना ज्या बारीक उभ्या रेघा असतात, त्यांच्यासाठी एका ठोकळ्याच्या जागी तीन प्लेटांचा थर घेतला की ३.२ मिलिमीटरच्या तीन सुबक रेघा मिळतात. किनार याहून नेमकी कशी साधली असती, हे मला अजूनही सुचत नाही. उजव्या कडेला उघडे पडणारे उंचवटे गुळगुळीत टाइलांनी झाकले.

मजबुतीचा प्रश्न मात्र विणकामाच्या उलट दिशेने आला. कापडात धागा जितका वेळा वर-खाली गुंफला जातो तितका तो घट्ट बसतो, आणि लांब मोकळा धागा नखात अडकतो, म्हणून नक्षीकार लांब धागा टाळतो. ठोकळ्यांत याच्या उलट घडते. एका उंचवट्याचे ठोकळे एकावर एक ठेवत गेलो तर प्रत्येक ठोकळा फक्त आपल्या खालच्या आणि वरच्या शेजाऱ्याला धरतो; बाजूच्या रांगेशी त्याचा काहीच संबंध नसतो. अशा ऐंशी सुट्या काठ्या उभ्या राहतात आणि हात लागताच पंख्याच्या पात्यांसारख्या पसरतात. सांधा पक्का होतो तो दोन, तीन, चार किंवा सहा उंचवट्यांचा ठोकळा दोन शेजाऱ्यांवर पाय टाकून बसतो तेव्हाच. मोराच्या छातीत आणि पिसाऱ्यात सलग रंगाचे पट्टे असल्याने तिथे हे आपोआप जमले. पार्श्वभूमीवर एकाआड एक घराची बुट्टी होती, तिथे जमले नाही.

त्यामुळे फलक दोन उंचवटे जाड करावा लागला. समोरच्या अंगाला नक्षी, मागच्या अंगाला सहा आणि आठ उंचवट्यांचे लांब ठोकळे, आणि जिथे समोर निदान दोन घरे एका रंगाची आहेत तिथे समोरून मागपर्यंत जाणारा दुहेरी ठोकळा, अशी गाठ जागोजाग घातली. वजन तीन किलोच्या आसपास गेले. एक फायदा असा झाला की समोरच्या ४,८०० घरांसाठी ४,८०० पीस घ्यावे लागले नाहीत. लांब ठोकळ्यांमुळे पीसांची संख्या निम्म्याहून खाली आली, आणि चार उंचवट्यांचा एक ठोकळा हा एकेका उंचवट्याच्या चार ठोकळ्यांपेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतो.

आता खरेदी. इथे माझी चूक झाली, आणि ती संपूर्ण माझीच होती. सुट्या ठोकळ्यांच्या बाजारात ब्रिकलिंक हे सर्वांत मोठे ठिकाण आहे. २०००मध्ये एका छांदिष्टाने ते सुरू केले आणि २०१९मध्ये लेगोनेच ते विकत घेतले. तिथे जगभरचे लहानमोठे विक्रेते आपापला माल मांडतात. अडचण अशी की रंगांना लेगो कंपनी जी नावे देते आणि ब्रिकलिंकवर जी नावे चालतात, ती वेगळी आहेत. लेगोच्या यादीतल्या 'डार्क ग्रीन'ला ब्रिकलिंकवर नुसते 'ग्रीन' म्हणतात. ब्रिकलिंकवर ज्याला 'डार्क ग्रीन' म्हणतात, तो लेगोच्या यादीत 'अर्थ ग्रीन' असतो. मी रंगांची यादी लेगोच्या नावांनी केली आणि खरेदी ब्रिकलिंकच्या नावांनी केली. पार्सल आले तेव्हा चारशे वीस पीसांचा हिरवा रंग इतका गडद होता की संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये तो शेजारच्या गडद लालात विरघळून जाई आणि मोराची पाठ दिसेनाशी होई. विक्रेत्याने मागितले तेच पाठवले होते.

अण्णा रागावले नाहीत, पण त्यांनी विचारले, "शेडकार्ड न बघता सूत कोण रंगवायला टाकतो?" त्यानंतर आम्ही ठोकळ्यांचे स्वतःचे शेडकार्ड केले. प्रत्येक रंगाचा एकेक पीस एका पट्टीवर लावला, खाली दोन्ही नावे लिहिली, आणि ती पट्टी दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात, दोन्ही वेळी प्रत्यक्ष चादरीशेजारी धरून पाहिली. जुने ठोकळे जमवणाऱ्यांना ही सवय आणखी एका कारणाने हवी. २००४च्या सुमारास लेगोने आपला करडा रंग बदलला आणि त्यात निळसर झाक आणली. जुना आणि नवा करडा डब्यात एकत्र सारखे वाटतात, पण भिंतीत शेजारी बसले की ठिगळासारखे दिसतात.

परदेशातून मागवण्याचा खर्च हा स्वतंत्र विषय आहे. भारतात खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर. शिवाय १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. हे सारे निर्णय देशी उद्योगासाठी आहेत आणि त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण छंद करणाऱ्याने पीसाची छापील किंमत पाहून अंदाजपत्रक करू नये, हे मात्र नक्की. आमच्या एकूण खर्चातला सुमारे तिसरा हिस्सा वाहतूक आणि शुल्क यांतच गेला. चुकीच्या हिरव्या रंगामुळे तो पुन्हा एकदा भरावा लागला आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी फलक पुरा करण्याचा बेत हुकला.

याच सुमारास मला दोन मोह झाले. पहिला, माझ्याकडच्या २०१७च्या ताजमहालाच्या संचातले पांढरे ठोकळे काढून घेण्याचा. त्या संचात ५,९२३ पीस आहेत, आणि मोराच्या डोळ्याभोवती लागणारे मूठभर पांढरे कुणाच्या लक्षातही आले नसते. पण पुरा संच एकदा फुटला की तो पुन्हा पुरा होत नाही, असा माझा अनुभव आहे. मी ते केले नाही.

दुसरा मोह तडजोडीचा होता: इतर कंपन्यांचे, लेगोला बसणारे स्वस्त ठोकळे मिसळण्याचा. ते बेकायदा नाहीत. आतल्या नळ्यांनी पकड घेणाऱ्या ठोकळ्यासाठी लेगोने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटचा अर्ज केला. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, आणि आठ उंचवट्यांच्या ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्याचा प्रयत्न २०१०मध्ये युरोपीय न्यायालयात फसला. कित्येक कामांत असे ठोकळे उत्तम चालतात. आमच्या फलकात ते चालले नसते, कारण इथे साठ थर एकावर एक येतात. एका थरात केसाच्या जाडीपेक्षाही कमी, फक्त ०.०२ मिलिमीटरचा फरक धरला तरी साठ थरांत तो १.२ मिलिमीटर होतो, आणि फलकाचा अर्धा भाग एका मालाचा, अर्धा दुसऱ्या मालाचा असेल तर फलक तेवढा वाकडा होतो. वीस थरांचा नमुना रचून, सुताराच्या गुण्याला लावून आम्ही हे पाहिले. वरच्या टोकाला फट डोळ्यांना दिसत होती.

म्हणून उरलेली भरती जुन्या लेगोने केली. पुण्यातल्या एका ओळखीच्या घरातून, मुले मोठी झाल्यावर पोटमाळ्यावर पडलेला एक डबा मिळाला. जुने ठोकळे घेताना मी तीन गोष्टी पाहतो. पांढरा किंवा करडा पिवळट पडला आहे का, कारण उन्हाने या प्लास्टिकचा रंग जातो. कोपऱ्याला दातांच्या खुणा आहेत का. आणि दोन ठोकळे जोडून उलटे धरल्यावर खालचा सुटतो का. तपकिरी रंगाचे काही वर्षांतले ठोकळे ठिसूळ निघतात, ते जोडून न पाहता घेऊच नयेत. धुताना पाणी ४० अंशांपेक्षा गरम असू नये, असे लेगो सांगते. ही सूचना थंड देशातल्या माणसाला गीझरविषयी वाटेल. सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून तसेच हात भाजणारे येते, म्हणून आम्ही तो डबा पहाटे, रात्रभर बादलीत निवलेल्या पाण्यात धुतला आणि सावलीत चादरीवर पसरून वाळवला.

साठवणीबद्दल एक गोष्ट सांगतो. ठोकळे रंगाने लावू नयेत, आकाराने लावावेत, असे मी वर्षानुवर्षे मानत आलो, कारण लाल रंगाच्या ढिगात लाल पातळ प्लेट शोधणे डोळ्यांना जड जाते, आणि तिथे आकारच उठून दिसत नाही. या कामात मात्र आकार जेमतेम सात आणि रंग पाच. अण्णांनी मागावरच्या कांड्या ठेवण्याच्या जुन्या पेट्या आणल्या, रंगांप्रमाणे भरल्या आणि ग्राफवर बोट ठेवून "लाल चार, पिवळा एक, लाल दोन" असे थराथराने वाचायला बसले. ते वाचत आणि मी लावत असे. एका बैठकीत दोन थर होत.

चौकटीचा प्रश्न शेवटी आला. थर उभे असल्यामुळे प्रत्येक थराचे टोक खालच्या लाकडी पट्टीवर टेकले पाहिजे, नाहीतर सारे वजन उंचवट्यांच्या पकडीवर येते. पट्टी घट्ट बसवायला सुतार तयार होता, आम्ही त्याला थांबवले. लेगोचे ठोकळे १९६३पासून ज्या एबीएस प्लास्टिकचे बनतात, ते दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०८ मिलिमीटर फुगते. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत आमच्या खोलीत पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे ६४० मिलिमीटरच्या उंचीत सव्वा मिलिमीटरचा. वर आणि उजवीकडे दोन-दोन मिलिमीटरची मोकळी जागा ठेवली. फलक उत्तरेच्या भिंतीवर आहे, तिथे ऊन पोहोचत नाही. पहिल्या मेमध्ये मी फट मोजली तेव्हा ती कमी झाली होती, पण बुजली नव्हती.

मोराची मान आता बरोबर आहे. अण्णांनी ती दारातून पाहिली, जवळ येऊन पाहिली, आणि मग फलक टेबलावर पालथा घालायला सांगितला. चादर पारखणारा माणूस ती उलटून पाहतोच. मागच्या अंगाला, जिथे रंगाला महत्त्व नव्हते, तिथे मी चुकून आलेले ते गडद हिरवे ठोकळे लांब ठोकळ्यांच्या मधल्या जागा भरायला वापरले होते, चारशे वीसपैकी एकही वाया घालवला नव्हता. त्यांनी त्यावरून हात फिरवला, दोन सांधे नखाने दाबून पाहिले, आणि सुताराला मागची फळी खिळ्यांनी न ठोकता चार स्क्रूंनी बसवायला सांगितली.